पायथ्याची पांढरी माती

ती टेकडी माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. मोहर्लीकडच्या एका गावातली गोष्ट. बापाने दोन मुलींना जमीन वाटली, तेव्हा थोरलीने आधी निवड केली आणि सपाट तुकडा घेतला. धाकटीच्या वाट्याला त्याच्या वरचा उतार आला. पुढे सफारीचे पर्यटक वाढले. धाकटीने रीतसर परवानगी काढून उतारावर घर बांधलं, दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या. ओसरीतून धरणाचं पाणी दिसे, त्यामुळे पाहुणे वरच जात. थोरलीनेही खाली खोल्या काढल्या होत्या. त्यांना कायम कुलूप.

एक दिवस आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला की धाकटी टेकडीचा पायथा खोदते आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चढ असलेल्या उतारावर घर बांधता येत नाही, असा नगररचनेचा नियम आहे. नव्याने मोजणी झाली. पायथा खरोखरच कोरलेला होता आणि त्यामुळे उतार मर्यादेबाहेर गेला होता. घर पाडण्याची नोटीस निघाली. खोदकामाची चौकशी माझ्याकडे आली.

धाकटी जबाब देताना नुसती रडत होती. "साहेब, मी काऊन आपल्याच घराखालची जमीन खोदीन?" प्रश्न बिनतोड होता. थोरली मात्र छातीठोकपणे सांगत होती, "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. लय हाव हाय तिले."

गावात दुसऱ्या कोणीच खोदताना पाहिलं नव्हतं. बाया पायथ्याची पांढरी माती टोपलीने नेतात, पण ते दरवर्षीचंच. दिवाळीआधी भिंती पोतायला ती लागते. त्याला खोदकाम कोण म्हणणार?

पंचनामा आटोपून थोरलीकडे चहाला बसलो. त्या दिवशी जिथे जिथे भिंतीला टेकलो, तिथे वर्दीला पांढरं लागलं होतं. इथे काहीच लागेना. मी भिंतीवरून हात फिरवला. चकचकीत ऑइलपेंट.

"बाई, माती तुम्हीही नेता ना?"

"नेतो ना. सारेच नेतात."

"मग पोतता काय?"

तिची नजर मागच्या दाराकडे गेली. घरामागच्या नाल्यात मातीचा ढीग सापडला, तेव्हा फोनही आपणच केल्याचं तिने सांगितलं. "आधी मी निवडलं होतं, साहेब," ती म्हणाली. "चांगलं मीच घेतलं होतं."

मी तिला दारात नेऊन वरच्या घराकडे बोट दाखवलं. पायथा असाच कोरत राहिली असती, तर पावसाळ्यात ते घर सरळ थोरलीच्याच छपरावर आलं असतं. मला रागच आला. "एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना. पन तिचं तं पडलं असतं!"

सवत रंडकी व्हावी म्हणून नवऱ्याच्या मरणालाही तयार असलेली बाई म्हणीत ऐकली होती. त्या दिवशी तिच्या हातचा चहा प्यायलो.

गुन्हा नोंदवला. पायथा भरून दगडी भिंत घातली, फेरमोजणी झाली आणि धाकटीचं घर वाचलं. ठाण्यात समोरासमोर आल्यावर धाकटी म्हणाली, "बाई, मागतली असती तं एक खोली तुले देल्ली असती वो."

थोरली उसळली. "तेच तं! तू देनार, अन् मी घेनार?"

चोराला काहीतरी हवं असतं, म्हणून मुद्देमालाच्या मागे गेलं की चोर सापडतो. हेवा करणाऱ्याला स्वतःसाठी काहीच नको असतं. यात फायदा कोणाचा, हे मी आयुष्यभर विचारत आलो होतो. त्यानंतर कुठल्याही चौकशीत माझा पहिला प्रश्न बदलला: हे कोणाला बघवत नव्हतं?