गप्प पाण्याचा संशय

समुद्रावर गेलो की मी लाटांकडं बघत नाही. दोन्हीकडं फेस उसळत असतो आणि मधेच एखादा पट्टा सपाट, गप्प, अंथरूण घातल्यासारखा दिसतो. मी त्याच्यावर नजर ठेवून बसतो. मला तो लबाड वाटतो.

पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, पोहता न येणाऱ्यांची सोय केलीय. पँट दुमडून निघालो. काठावर जाळं झटकणारी म्हातारी कोळीण ओरडली, "अरे दादा, तिथं नको जाऊ, तिथं ओढ आहे!"

मी बायकोकडं वळून म्हणालो, "बघ, समुद्राला तरी माझी ओढ आहे!"

ती हसली, आणि मी शहाणा पुढं गेलो. पाणी कमरेला लागलं तशी पायाखालची वाळूच गेली. आवाज नाही, लाट नाही. ओळखीचा माणूस खांद्यावर हात टाकून बाजूला नेतो ना, तसं पाणी मला आत न्यायला लागलं.

म्हातारीनं जाळ्याची दोरी फेकली. दोघींनी मला ओढून काढलं. म्हातारी म्हणाली, "एवढा मोठा मासा, पण कालवणाच्या कामाचा नाही!"

लाट बिचारी ओरडत येते, आदळते, पण काठाकडं ढकलते. गप्प असतं त्याचाच भरवसा नाही.

परतताना एसटीत बायको एक शब्द बोलली नाही. माझा जीव पुन्हा बुडायला लागला. शेवटी घराचं कुलूप काढता काढता ती कडाडली, "पोहता येत नाही तर मरायला गेलात कशाला हो?"

तेव्हा कुठं माझे पाय जमिनीला लागले.