कांडपवाल्या खाला

मिरची कांडताना सगळी गल्ली शिंकायची, पण खाला कधी शिंकल्या नाहीत. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं कांडप होतं. उन्हाळ्यात बायका नाकाला पदर लावून बाहेर थांबत आणि आत खाला मजेत गप्पा मारत. नवरा वारल्यावर ते मशीन त्यांनी एकटीनं चालवलं. मी समोर राहणारा शाळामास्तर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा.

कांडून झालं की त्या मशीनचा तळ झाडून कण न् कण गिऱ्हाइकाच्या डब्यात टाकत. "राहू द्या खाला, चिमूटभर तर आहे," कुणी म्हटलंच, तर म्हणत, "चिमूट तुमची हाय, माझी नाय." वीजबिलही आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरलेलं असायचं.

मीटर आतल्या भिंतीवर होतं, काचेवर तिखटाचा लाल थर. रीडिंग घेणारा नाकाला रुमाल लावून दारातच थबकायचा.

"आत या की, नीट बघून घ्या," खाला हाक मारत.

"मागच्याएवढंच असणार, खाला," म्हणत तो अंदाजानं आकडा टाकून निघून जायचा. हे मी कितीदा पाहिलं, हसलोही.

मग माणूस बदलला. नवा आत शिरला, त्यानं काच पुसली, फोटो काढला. पुढचं बिल मागचा सगळा फरक धरून एक लाख बारा हजारांचं आलं. खालांनी तो आकडा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

आम्ही वीज कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "चूक आमच्या माणसाची, मान्य. पण वीज तर तुम्हीच वापरली ना?"

"हौ साहेब, वापरली," खाला म्हणाल्या. "पण तवाच सांगितलं असतं तर किलोमागं चार रुपये वाढवले असते. ती मिरची लोकांनी खाल्ली, हजम केली. आता कुणाच्या दारात मागायला जाऊ?"

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

तिथं मी शहाणपणा केला. हप्ते मिळावेत म्हणून माझ्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, 'सदर थकबाकी भरण्यास मी तयार आहे.' खालांनी अंगठा उठवला. हप्ते मिळाले. पुढे कुणीतरी तक्रार करा म्हणालं, म्हणून ग्राहक तक्रार मंचात गेलो, तर तिथल्या कारकुनानं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "बाईंनी थकबाकी मान्य केलीय की. आता तक्रार कसली?"

चार हप्ते बांगड्या मोडून भरले. पाचवा चुकला आणि ऐन उन्हाळ्यात वीज कापली गेली. बायका मिरचीच्या पिशव्या घेऊन आल्या, थोडा वेळ घुटमळल्या आणि दुसऱ्या कांडपाकडे गेल्या. मशीन मिळेल त्या भावात विकलं, तरी पूर्ण फिटलं नाहीच.

लासूर स्टेशनला लेकीकडे जायला खाला निघाल्या, तेव्हा मी रिक्षापाशी गेलो. म्हणालो, "खाला, ती ओळ मी लिहायला नको होती."

खालांनी हातातली पिशवी रिक्षात ठेवली. "सर, मला लिहिता येत असतं, तर मीबी तेच लिहिलं असतं. वापरली व्हती ना वीज."

रिक्षा गेली. त्यांनी माझी समजूत काढली होती, पण मला ती पटली नाही. त्यानंतर गल्लीतले दोघंतिघं अर्ज लिहून घ्यायला आले. मी त्यांना चहा पाजला आणि वकिलाकडे पाठवलं.