डाव्या पायाचं पथ्य

सत्यजीतचे हात काळे होत नाहीत, हीच त्याच्या आयुष्यातली मोठी अडचण आहे. शिक्रापुरात हायवेला त्याचं गॅरेज आहे. पण त्यात ना जॅक, ना ग्रीसचा डबा. एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक वायर. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचायची, गाडीच्या कम्प्युटरमधला जुना प्रोग्राम काढायचा आणि नवा भरायचा. इंजिनानं किती जोर लावायचा, ऑटोमॅटिक गिअर कधी बदलायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पुण्याहून माणसं मुद्दाम त्याच्याकडं गाड्या आणतात. त्याचे सासरे हौसराव मात्र इनामगावच्या पारावर सांगतात, "आमचं पाव्हणं गाडीला सलाईन लावत्यात."

लग्नाला सहा वर्षं झाली. या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'काम चांगलं झालं' असं ऐकावं, एवढीच सत्यजीतची इच्छा. म्हणून गेल्या दिवाळीत हौसरावांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि ती धक्के खाऊ लागली, तेव्हा घरात आनंद झालेला माणूस हा एकटाच.

सलग चार रविवार तो इनामगावला गेला. वायर लावली, गिअरचं गणित नव्यानं बसवलं, न्हावऱ्यापर्यंत गाडी फिरवून आणली. गाडी लोण्यासारखी चालायची. आणि सोमवारी सकाळी फोन यायचा, "पाव्हणं, म्हैस परत अडायला लागली."

बरं, हौसराव चालवत असताना शेजारी बसून पाहावं, तर जावयाला पुढं बसवतो कोण? पुढची जागा हौसरावांचे जोडीदार तात्याबा यांची. जावई म्हणजे मान. त्याला मागं, सासूबाईंच्या शेजारी, हातात शेवेचा पुडा देऊन बसवतात. तिथून सत्यजीतला दिसायची ती फक्त हौसरावांची टोपी. धक्का बसला की टोपी पुढं जायची आणि तात्याबा रस्त्याकडं बघत म्हणायचे, "औषध उतरलं वाटतं."

पाचव्या रविवारी सत्यजीतनं प्रोग्रामला हात लावला नाही. कोणतं पेडल कधी दाबलं याची नोंद ठेवणारं एक लहान यंत्र गाडीत बसवून तो परत आला. आठवड्यानं त्यातून लॅपटॉपवर आलेली नोंद उघडून बसला. शेजारी त्याची बायको अनुपमा मेथी निवडत होती.

इनामगाव ते शिरूर, एका फेरीत ब्रेक एकशे ब्याण्णव वेळा. आणि बहुतेक वेळा त्याच क्षणी ॲक्सिलरेटरही दाबलेला. पळ आणि थांब, दोन्ही हुकूम एकदम आले की गाडीचा कम्प्युटर घाबरून इंजिनाचा जोर काढून घेतो. तोच धक्का.

"मामा डाव्या पायानं ब्रेक दाबतात," सत्यजीत म्हणाला.

"क्लच समजून," अनुपमा मेथीवरची नजर न काढता म्हणाली. "चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय आबांनी. या गाडीत क्लच नाही, पण डावा पाय नुसता ठेवायचा म्हणजे त्यांना आळशीपणा वाटतो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या घराला माहीत आहे. मला वाटलं, तुमच्या कम्प्युटरला कळत असेल."

चार रविवार, चार प्रोग्राम, आणि दुखणं निघालं पायात. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग तूच सांग त्यांना, म्हणाला. त्यावर अनुपमानं स्वच्छ नकार दिला. आईनं एकदा पायाचा विषय काढला, तर आबा तिला न्हावऱ्याच्या स्टँडवर सोडून एकटेच घरी आले होते. तेव्हापासून आई मागं बसते आणि शेव खाते.

जावयानं सासऱ्याला 'तुम्हाला गाडी येत नाही' म्हणायचं, तर पुढची दिवाळी शिक्रापुरातच करायची तयारी हवी. पुढच्या रविवारी सत्यजीतनं पुन्हा वायर लावली. दहा मिनिटं स्क्रीनकडं गंभीरपणे बघत बसला. काहीही न करण्याचं काम त्यानं इतकं मन लावून आजवर केलं नव्हतं. मग म्हणाला, "मामा, या प्रोग्रामला एक पथ्य आहे. चालवताना डावा पाय सीटवर घ्यायचा. अर्धी मांडी."

"जेवायला बसल्यावाणी?"

"तसंच."

हौसरावांचा औषधावर विश्वास नाही, पण पथ्यावर आहे.

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी आला. गाडी पाण्यावाणी पळतीय, हौसराव म्हणाले. सत्यजीत खुर्चीतून उभाच राहिला. आता ते पुढचं वाक्य येणार.

"पन पाव्हणं, ह्ये मांडीचं आदीच सांगितलं असतं, तर चार बारी वायर कशाला लावायची?"

सत्यजीत खाली बसला.

तरी पुढच्या रविवारी शिरूरला निघताना हौसरावांनी तात्याबांना मागं पाठवलं आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. सहा वर्षांत पहिल्यांदा. सत्यजीत पुढं बसला. हौसरावांची मांडी घातलेली, गाडी शांत. आज म्हणतील, असं त्याला वाटायला लागलं.

न्हावरं सोडल्यावर हौसराव चुळबुळ करू लागले. मांडी सुटली, पाय खाली गेला, आपली जुनी जागा त्यानं बरोबर शोधली, आणि सत्यजीतचं कपाळ काचेच्या चार बोटं अलीकडं थांबलं. मागं तात्याबा शेव वेचू लागले.

"मुंग्या आल्या पायाला," हौसराव म्हणाले. "तेवढं मुंग्यांचं बी प्रोग्राममधी बघा की, पाव्हणं. तुमाला काय अवघड हाय?"

"बघतो, मामा," सत्यजीत म्हणाला आणि त्यानं सीटबेल्ट लावला.