मातामाय माझ्या अंगात आली नव्हती

मातामाय माझ्या अंगात आली नव्हती, असे मी म्हटले की गावातल्या बायांना राग येतो. त्यांनी डोळ्यांनी पाहिले, मी तर शुद्धीवरच नव्हते, मग मला काय कळणार, असे त्यांचे म्हणणे. तरी मी तेच सांगते. मला मेंदूज्वर झाला होता. मी जगले. का जगले, हे मला बरेच दिवस समजत नव्हते, आणि न समजण्याचा रागही येत होता.

आमचे घर तलावावर चालते. मुलगा सुरेश जाळे टाकतो, मी शहापूरच्या बाजारात मासे विकते. नवरात्रात मासे खपत नाहीत, म्हणून ते दिवस मी तलावाच्या पाळीवरच्या मातामायच्या देवळात घालवायची. झाडझूड करायची, दिव्यात तेल घालायची, उपास धरायची. त्या वर्षी घट बसायच्या आधीपासूनच माझा उजवा कान वाहत होता. लसूण टाकून कढवलेले तेल मी त्यात सोडत होते. सून ललिता म्हणाली, दवाखान्यात चला. मी म्हणाले, नवरात्र होऊ दे. देवीच्या दारात बसलेल्या माणसाला काय होते, असे मला वाटत होते.

अष्टमीला सकाळी ताप चढला आणि डोके फुटेल असे दुखू लागले. आरतीचे ताट समोर आले तर उजेड सोसेना. मी पदराने तोंड झाकले. ओकारी झाली. मी ओट्यावर आडवी झाले, एवढेच मला आठवते. पुढचे ललिता आणि सुरेश यांनी सांगितले ते लिहिते.

माझी मान मागे ओढली गेली, डोळे वर फिरले, तोंडातून भलतेसलते शब्द येऊ लागले. दिव्यांचा उजेड आला की मी किंचाळत होते. बायांनी ठरवले, देवी आली. देवीला स्वतःचे तेज सोसवत नाही, असे कोणी तरी म्हणाले आणि ते सगळ्यांना पटले. माझ्या कपाळाला मळवट भरला, पाय धुतले, लिंबू उतरवले. आजूबाजूच्या वस्त्यांत बातमी गेली आणि माणसे प्रश्न घेऊन रांगेत बसली. कोणाला मुलीचे लग्न विचारायचे होते, कोणाला विहिरीचे पाणी. मी जे बरळत होते त्याचा अर्थ माझे दीर सांगत होते.

त्या रांगेत चिखल्याच्या खाणीवरची एक बाई होती. बहिणीकडे आली होती, बातमी ऐकून देवळात आली. तिचा नंबर लागला. ती माझ्यासमोर बसली, पण काही विचारेना. तिने माझ्या डोक्याखाली हात घालून डोके उचलून पाहिले. मान वाकली नाही. डोक्याबरोबर खांदेही उचलले गेले.

"हे देवी नोहोय," ती म्हणाली. "गाडी आणा. दवाखान्यात न्या हिले."

दीर भडकले. "कोण वो तू? देवीच्या अंगाले हात लावते? खाणीवरच्या बाईले देवी काय समजते?"

"देवी नाही समजत मले. हे समजते. माही पोरगी अशीच गेली. आमीबी असेच कुंकू लावून बसलो होतो."

"देवी उतरल्याबिगर हलवाचं नाही. काही झालं तर तू निस्तरशील का?"

ती सुरेशकडे वळली. "तुही माय हाये ना? मंग काहून बसून राहिला? ह्याहीले मखर पायजे, तुले माय पायजे का नाही?"

सुरेश म्हणतो, तोपर्यंत त्याचे हात जोडलेलेच होते. मग तो उठला. दीर आडवे आले, त्यांना त्याने बाजूला सारले. मासे नेण्याच्या टेम्पोत मला घातले. ती बाई न विचारता मागे चढली आणि भंडाऱ्यापर्यंत माझे डोके मांडीवर धरून बसली. सुरेशने वाटेत विचारले, तुम्ही देवीला काय विचारायला आल्या होत्या? ती म्हणाली, "माही पोरगी काहून नेली, हेच." दवाखान्यात मला आत घेतल्यावर ती निघून गेली.

डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढले. ते गढूळ होते. कानातला पू डोक्यात गेला, असे त्यांनी सुरेशला समजावले. मी जागी झाले तेव्हा माणसांची तोंडे हलत होती आणि आवाज नव्हता. वाटले, मी मेले. मेले नव्हते. दोन्ही कान गेले होते, ते कायमचे. आता लोक कानाजवळ येऊन ओरडतात. मी सांगते, ओरडू नका, नुसती थुंकी उडते.

शेजारच्या खाटेवर त्याच आजाराची एक तरणी बाई होती. तिच्या गळ्यात देवीचा ताईत होता. ती गेली. तिची आई जमिनीवर लोळत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हते. घरी आल्यावर लोक म्हणू लागले, देवीने तुला वाचवले. मी विचारायची, मग तिला का नाही? दीर म्हणाले, अर्ध्यातून उठवले म्हणून देवीने कान नेले. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. देवळात गेले तरी मूर्तीकडे बघत नसे. खाली मान घालून झाडायची आणि परत यायची.

पुढच्या नवरात्रात ती चिखल्याची बाई आली. ललिताने खुणेने सांगितले, हीच ती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. वाळलेली, माझ्या मुलीच्या वयाची. ती माझ्याजवळ ओट्यावर बसली. मी म्हणाले, "तुह्या पोरीचं मले काही माहीत नाही बाई. तवाही नव्हतं."

तिने मान हलवली. मग तिचे खांदे हलू लागले. मी तिला जवळ घेतले. समोर मातामाय होती, वर्षभरात मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. तेव्हा माझ्या मनात आले, ही बाई एकच प्रश्न घेऊन आली होती, तोही पोटच्या पोरीचा. समोर देवी आहे असे सगळे सांगत असताना तिने तो प्रश्न गिळला आणि माझ्या मानेखाली हात घातला. रांगेतल्या इतर कोणाला ते सुचले नाही. तिला कोणी सुचवले, ते मी सिद्ध करू शकत नाही. मला त्याची गरजही उरली नाही.

मी का जगले, हे मी आता देवीला विचारत नाही. तिने कारण सांगितले, तर चिखल्याच्या बाईची पोरगी का गेली याचेही कारण सांगावे लागेल, आणि ते सोसण्याची ताकद माझ्यात नाही. पूर्वी मला वाटे, देवीच्या पायाशी पडून राहिले म्हणजे सगळे तिच्यावर सोपवले. त्या दिवशी मी खरेच पडून होते, आणि मला उचलले ते दुसऱ्याच्या लेकीने. रोज सकाळी दिव्यात तेल घालते, आधी त्या पोरीसाठी हात जोडते, मग तिच्या आईसाठी. माझ्यासाठी मागायचे काही सुचत नाही. मग टोपली डोक्यावर घेते आणि बाजाराला जाते.