तुळजाबाईंचे एकतीस डबे

इतवारीत भांड्यांच्या एका दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. तो चढलं की विणकर समाजाच्या वधू-वर मंडळाचं ऑफिस. तिथे बावीस वर्षांपासून तुळजाबाई बसतात. खुर्ची मंडळाची, दरारा त्यांचा. मुलामुलींचे फोटो आता फोनवर फिरतात, सगळं कबूल. पण आजोळ, शिक्षण आणि खरं वय याची खात्री करायची तर भलेभले हाच जिना चढतात. आलेला माणूस आडनाव सांगतो, तुळजाबाई भिंतीवरच्या पाटीकडे एकदा बघतात, एकच डबा ओढतात आणि कार्ड हातात ठेवतात. त्याचं पाणी पिऊन व्हायच्या आत काम फत्ते.

डबे बिस्किटांचे, पत्र्याचे, एकतीस. कार्डं आडनावांच्या क्रमाने लावलेली. कोणत्या आडनावापासून कोणता डबा, त्याच्या चिठ्ठ्या पाटीवर खोचलेल्या. रोज दोन-चार नवी येतात, तरी क्रम मोडत नाही.

त्या शनिवारी दुपारी त्यांचा धाकटा भाऊ जागेश्वर पराते मुलीचा फॉर्म घेऊन आला. मुलगी प्रियदर्शनी त्याच्या मागे उभी, तोंड उतरलेलं. पोरीने कॉम्प्युटरची डिग्री घेतली होती, पण दोन मुलाखतींत नापास झाली. तिसरी मुलाखत सोमवारी, मिहानमधल्या एका कंपनीत. जागेश्वरचा धीर मात्र सुटला होता. रविवारी मंडळाचा परिचय मेळावा होता. तिथे उमरेडचे एक पाहुणे येणार होते आणि कार्ड आवडलं तर सोमवारीच मुलगी बघायला येणार होते. म्हणजे मुलाखत गेलीच बोंबलत.

तुळजाबाईंनी भाचीकडे पाहिलं. लहानपणी ह्याच पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी कार्डं लावली होती.

"प चा डबा भरला गा," त्या म्हणाल्या. "जागा नाही."

बावीस वर्षांत त्यांनी कोणाला जागा नाही असं म्हटलं नव्हतं. जागेश्वर म्हणाला, मग डबा फोड न. डबा फोडायचा म्हणजे भरलेल्या डब्याचे दोन डबे करायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी डबे फोडत नसतात, असं तुळजाबाईंनी ठणकावून सांगितलं. असा नियम मंडळात कधीच नव्हता. जागेश्वर फॉर्म टेबलावर ठेवून, कुरकुरत, खाली दुकानात बायकोसाठी गंज, म्हणजे उभट पातेलं, बघायला गेला.

प्रियदर्शनीने डबा ओढून पाहिला. तीन कार्डं आरामात मावली असती. ती खुदकन हसली, आणि मग तिने विचारलं की डबा भरला की पुढची सगळी कार्डं सरकवतेस का. दोन्ही मुलाखतींत ती इथेच अडकली होती. लाखो नोंदींच्या यादीत नवी नोंद आली तर क्रम कसा टिकतो, असा प्रश्न होता. मागच्या सगळ्या एकेक जागा सरकतात, असं तिने ठोकून दिलं. लाखो नोंदी, दरवेळी? असं समोरच्याने विचारलं आणि तिची बोबडी वळली. पुस्तकातलं पाठ होतं, डोळ्यांसमोर काही येत नव्हतं.

तुळजाबाईंना हा आपल्या डब्यांचा अपमानच वाटला. पहिल्या वर्षी त्यांनी तसला येडपटपणा केला होता. सगळी कार्डं एकाच लांब ओळीत. एक अड्याळकर आला की पार शेवटच्या हेडाऊपर्यंत सरकवत बसायचं. मनगट सुजून आलं होतं. मग त्यांना अक्कल आली. आता बोलत बसण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, म्हणून त्यांनी प चा डबा खाली उतरवला. अर्धी कार्डं त्यात राहू दिली, पाठराबेंपासून पुढची अर्धी रिकाम्या डब्यात घातली. त्यावर बत्तीस आकडा टाकला आणि डबा कपाटावर, जिथे जागा होती तिथे ठेवला.

"पण प नंतर तर फ चा डबा आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "हा तिकडे कसा?"

"कुठं ठेवला याच्यानं काय होते वं? पाटीवर लिहिलं की झालं." त्यांनी पाटीवर दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये एक नवी खोचली: पाठराबेंपासून, डबा बत्तीस. "बाकीच्या तीस डब्यांले मी हात लावला का?"

अन् पाटीच भरली तर? पाटीच्याही दोन पाट्या करायच्या, आणि कोणत्या पाटीकडे बघायचं ते सांगायला वर एक लहान पाटी लावायची. अन् डबे ठासून भरले तर? मग उद्या मेळाव्यात कार्डागणिक डबा फोडत बसावं लागेल, म्हणून आधीच थोडी जागा सोडायची. प्रियदर्शनी विचारत गेली, आत्या सांगत गेली, आणि दोघींच्या ध्यानातच राहिलं नाही की जागेश्वर गंज काखोटीला मारून दारात उभा आहे.

त्याने दोन अर्धे भरलेले डबे पाहिले. "आता तर झाली न जागा?"

तुळजाबाईंची चोरी पकडली गेली होती.

"जागा मघाशीही होती," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलली. सोमवारची मुलाखत तेवढी देऊ दे तिले. नाही जमलं तर मी माझ्या हातानं कार्ड लावीन."

जागेश्वर बाकावर बसला. मोठी बहीण खोटं बोलली याचा त्याला राग आला होता, आणि तिने ते कबूल केल्यावर राग धरवतही नव्हता. शेवटी तो बरं म्हणाला.

सोमवारी तोच प्रश्न आला. प्रियदर्शनीने कागद मागून घेतला, त्यावर डबे काढले, पाटी काढली आणि एक डबा फोडून दाखवला. गुरुवारी कंपनीचं पत्र आलं.

जागेश्वर पेढे घेऊन जिना चढला, पोरगी मागोमाग. तुळजाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी आल्यागेल्याला धरधरून पेढे दिले. मग जागेश्वरने हळूच तोच फॉर्म पुढे सरकवला. आता तर नोकरीवाली मुलगी, स्थळं धावत येतील.

तुळजाबाईंनी फॉर्म घेतला आणि भाचीच्या हातात दिला.

"तुले वाटन तेव्हा आणून दे," त्या म्हणाल्या.

"अन् तिनं आणलाच नाही तर?" जागेश्वरने विचारलं.

"तर माझे डबे काही उपाशी मरत नाहीत."

प्रियदर्शनीने फॉर्मची चौपदरी घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि आणखी एक पेढा उचलला.