माळ्यावर जाणारा खोका

काकांचा अख्खा जन्म एका लोखंडी पेटीत गेला, असं काकू थट्टेनं म्हणायच्या आणि ते काही फारसं खोटं नव्हतं. शहरातल्या एका उंच कचेरीत काका लिफ्ट चालवायचे. मिसरूड फुटायच्या वयात त्या स्टुलावर बसले, ते केस पांढरे झाल्यावरच उठले. आधी जाळीचा सरकता दरवाजा आणि पितळी मूठ होती. पुढे बटणं आली, लिफ्ट आपली आपण चालायला लागली, पण काकांवाचून कुणाला करमेना म्हणून स्टूल तसंच राहिलं.

त्यांच्या गप्पासुद्धा मजल्यांच्या मापाच्या. माणूस आत आला की, "काय, बरं आहे ना?" दुसऱ्या मजल्यापर्यंत हवापाणी, पाचव्यापर्यंत पोराची परीक्षा, सातव्यावर सासूबाईंचं ऑपरेशन सुरू होतंय न होतंय तोच दार उघडायचं आणि माणूस चालता व्हायचा. सासूबाईंचं पुढे काय झालं, हे काकांना बऱ्याचदा कळायचंच नाही. त्याची त्यांना सवय झाली होती.

नोकरी संपली आणि त्याच सुमारास काकूंचा दमा बळावला. "औषधं देतो, पण खरं सांगू का, इथल्या धुरातून बाहेर पडा," डॉक्टर म्हणाले. काकूंच्या आत्याचं एक छोटं कौलारू घर दूरच्या गावात रिकामं पडून होतं. दोघांनी गाठोडी बांधली आणि गाव गाठलं.

काकू आठवडाभरात रुळल्या. घराच्या मागच्या अंगाला दोर वळणारी एक बाई राहायची. सगळे तिला दोरवाल्या वहिनी म्हणायचे. तिचं अंगण लांबच लांब. एका टोकाला लाकडी चाक आणि दुसऱ्या टोकाकडे कमरेला ताग गुंडाळून उलटी चालत जाणारी वहिनी. चाक फिरवायला माणूस लागायचा. काकू पहिल्याच दिवशी कुंपणावरून बघत उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी चाकापाशी बसल्या आणि तिसऱ्या दिवसापासून काकूंशिवाय चाक फिरेना.

काकांचं मात्र काही जमेना. ते सकाळी बाहेर पडायचे, समोरून कुणी आलं की "बरं आहे ना?" विचारायचे आणि समोरचा तोंड उघडेपर्यंत पुढे निघून गेलेले असायचे. एकदा लोहार आपल्या भात्याचं रडगाणं सांगत होता. त्याचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं आणि काका वळणावर दिसेनासे झाले.

"अहो, गावात काय बोलतात माहीत आहे का?" काकूंनी एके दिवशी जेवताना विषय काढला. "म्हणे, तुमच्या ह्यांना आम्ही माणसं वाटत नाही का?"

काका घास हातात धरून बसले. "मी काय केलं?"

"काही केलं नाहीत, तेच तर. थांबत नाही तुम्ही. इथे कुणाला आठव्या मजल्यावर उतरायचं नसतं."

हे काकांना लागलं. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला, पण पाय आपले आपण चालू लागायचे. मग ते घरातच बसू लागले. वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि पुन्हा पहिल्या पानावर यायचे.

भिंतीला भिंत लागून कुंभारमावशींचं घर होतं. मावशी अंगानं आडव्या, आवाजानं खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा ट्रक घेऊन मुलूखभर फिरणारा. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं चाक होतं आणि त्याच्या वर माळा. भट्टीचं धुराडं त्या माळ्यातून पार उंच, घरांच्या वर जायचं, त्यामुळे धूर खाली यायचा नाही आणि माळ्यावर कायम ऊब असायची. ओली भांडी तिथेच सुकत. खाली ठेवली तर जमिनीची ओल धरतात आणि शिवाय कोंबड्या! मावशींनी पाळलेल्या कोंबड्यांना रिकामं भांडं दिसलं की आत बसावंसंच वाटायचं. म्हणून मावशी भांड्यांची फळी खांद्यावर घेऊन शिडी चढायच्या. या वयात, दिवसातून कितीतरी वेळा.

आणि एका दुपारी व्हायचं तेच झालं. भिंतीपलीकडून धडाम असा आवाज आला, पाठोपाठ ओल्या मातीचा थपथपाट. काका वर्तमानपत्र टाकून धावले. मावशी शिडीखाली बसल्या होत्या, पाय लांब करून. आजूबाजूला मातीचा चिखल.

"हाड मोडलं का हो?" काकांनी घाबरून विचारलं.

"हाड कसलं मोडतंय! चांगल्या बारा सुरया गेल्या," मावशी म्हणाल्या आणि उठायला गेल्या तर गुडघ्यानं साफ नकार दिला.

गुडघा सुजून टम्म झाला. चाकावर बसता येत होतं, कारण चाक पायानं नाही, मोटारीवर फिरायचं. पण शिडी बंद. मग शेजारपाजारच्या लोकांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळी दोरवाल्या वहिनी, दुपारी लोहाराची बायको, संध्याकाळी ज्याला जमेल तो. सगळे मायेनं यायचे आणि मायेनं भांडी फोडायचे. कुणी कान तोडला, कुणी काठ दाबला. काकांचीही पाळी आली. त्यांनी एक फळी सुखरूप वर नेली, दुसरी नेताना डोकं तुळईला आपटलं आणि दोन मडकी खाली गेली.

"माफ करा मावशी."

"माफी कसली त्यात? मातीची होती, मातीत गेली. चहा टाका दोन कप, डबा वरच्या फळीवर आहे."

काकांनी चहा टाकला. तो उकळेपर्यंत ते माळ्याच्या चौकोनी तोंडाखाली उभे राहून वर बघत राहिले. बघता बघता त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वर की खाली?"

"काय म्हणालात?" मावशींनी विचारलं.

"मावशी," काका वळले, "इथे लिफ्ट बसेल."

मावशी इतक्या हसल्या की हातातलं मडकं वाकडं झालं. पण काका हसले नाहीत. त्यांनी मेकॅनिक लोकांना वर्षानुवर्षं जवळून पाहिलं होतं. लिफ्ट दोराच्या एका टोकाला असते आणि दुसऱ्या टोकाला तिच्या तोलाचं वजन असतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. वजन बरोबर असलं की ओढायला फार जोर लागत नाही. एक खोका, एक कप्पी, एक मजबूत दोर, बस.

दोर वहिनींकडे होताच. त्यांनी काकूंना चाकावर बसवून खास जाड पेडाचा दोर वळून दिला. खोक्यासाठी काका सुताराकडे गेले. सुतार फार कमी बोलायचा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "बघू." काका सवयीनं निघाले, पण दारातून परत फिरले. सुतार रंधा मारत होता, ते त्याच्याजवळच्या ओंडक्यावर बसले. बऱ्याच वेळानं सुतारानं विचारलं, "कप्पी कोण करणार?"

"लोहार."

रंधा थांबला. "मग त्याला सांगा, कडी रुंद ठेव. त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही."

लोहाराकडे गेल्यावर सगळा उलगडा झाला. तो बोलघेवडा. गावच्या विहिरीचा रहाट कधीकाळी कुरकुरायला लागला होता. लोहार म्हणाला लाकूड खराब, सुतार म्हणाला लोखंड खराब. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रहाट कधीच मोडीत निघाला होता, नळ आले होते, पण अबोला जिवंत होता.

"त्याला सांगा, कडी मला शिकवू नकोस," लोहार म्हणाला. "आणि खोक्याची उंची किती धरलीय ते विचारून या."

मग काकांच्या खेपा सुरू झाल्या. सुताराकडून लोहाराकडे, लोहाराकडून सुताराकडे. प्रत्येक खेपेला दोन्हीकडे बसावं लागायचं, कारण निरोपाआधी तक्रार ऐकावी लागायची आणि तक्रारीआधी तक्रारीचा इतिहास. लोहाराचा भाता, त्याच्या मेव्हण्यानं नेऊन परत न केलेली ऐरण, सुताराच्या मुलीचं शहरातलं घर, सगळं काकांना पाठ झालं. मेव्हण्यानं शेवटी ऐरण परत केली का, हेही त्यांनी विचारून घेतलं. केली होती. काकांना फार बरं वाटलं.

खोका बसवायच्या दिवशी मावशींचं घर माणसांनी भरून गेलं. तुळईला कप्पी ठोकली, दोर ओवला, एका टोकाला खोका बांधला, दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेलं पोतं. पोतं वर लटकत होतं, खोका खाली जमिनीवर आकड्यात अडकवलेला. सुतार एका कोपऱ्यात, लोहार दुसऱ्या. काका शिडीवरून माळ्यावर चढून बसले.

"आकडा सोडू का?" लोहारानं खालून विचारलं.

"आधी भांडी भरा, मग..." काका सांगत होते, पण लोहारानं पुरतं न ऐकताच आकडा सोडला.

रिकामा खोका गोळीसारखा वर सुटला. पोतं दणकन खाली आलं. आणि खोक्यातून, कुणाच्या लक्षात न येता जाऊन बसलेली मावशींची पांढरी कोंबडी पंख फडफडवत काकांच्या छातीवर येऊन आदळली. काका माळ्यावर उताणे झाले.

"वजन किती घातलंस, लेका!" सुतार ओरडला.

"तुझा खोका आहे का सुपारीचा डबा? वजनच नाही त्याला!" लोहार ओरडला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच थेट बोलले होते आणि तेही तावातावानं. दोरवाल्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. मावशींना हसू आवरेना. शेवटी सुतारच म्हणाला, "पोत्यातलं थोडं काढ."

"किती?"

"काढ तर खरं. बघू."

दोघं पोत्याशेजारी उकिडवे बसले. एक तुकडा काढायचा, खोका ओढून बघायचा, पुन्हा एक काढायचा. वर काका कोंबडीला समजावत होते, पण तिला तिथली ऊब आवडली होती आणि ती जागची हलायला तयार नव्हती. काकू खालून विचारत होत्या, "अहो, लागलं का कुठे?" काका म्हणाले, "लागलं नाही, पण पहिल्या प्रवाशानं ओरबाडलं."

ऊन कलायच्या आत खोका ताळ्यावर आला. मावशींनी त्यात सहा मडकी ठेवली, बसल्या जागेवरून एका हातानं दोर ओढला आणि खोका मडक्यांसकट शांतपणे वर गेला. काठ दाबला नाही, कान तुटला नाही. काकांनी एकेक मडकं उचलून फळीवर मांडलं. खाली कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते वर बघत होते. मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघत काय बसलात? अजून दोन फळ्या राहिल्यात."

मावशींचा गुडघा सावकाश बरा झाला. आता त्या रिकाम्या हातानं जपून शिडी चढतात, पण माळ्यावरचं काम बहुतेक काकाच करतात. सुतार आणि लोहार काही गळ्यात गळे घालून फिरत नाहीत. भेटले की भांडतात, पण समोरासमोर, मधे निरोप्या लागत नाही. काकूंच्या छातीतली घरघर कमी झाली आहे आणि चाक फिरवून दंडात बळ आलंय, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

परवा काकांच्या मुलीचा फोन आला. शहरातलं घर मोठं घेतलंय, तुम्हा दोघांसाठी खोली ठेवलीय, हे तिला नीट समजावून सांगायचं होतं.

"बाबा, तिकडे कंटाळा येत असेल ना हो तुम्हाला?"

काका माळ्यावर होते, फोन कानाला आणि मांडीवर ओलं मडकं. खालून मावशी लोहाराच्या मेव्हण्याची नवी भानगड सांगत होत्या आणि ती ऐन रंगात आली होती.

"बाळा, तुला संध्याकाळी करतो फोन," काका हळूच म्हणाले. "आत्ता जरा मोक्याच्या ठिकाणी आहे." फोन बाजूला ठेवून ते माळ्याच्या तोंडाशी सरकले. "हं मावशी, मग? पुढे काय झालं?"