बोर्डाच्या खालच्या ओळी

घरी पाहुणे आले की मला उभं करायचे. हात मागे, पाय जुळवलेले, आणि एक इंग्रजी कविता. कविता संपली की टाळ्या. मग कुणीतरी बिस्कीट पुढं करायचं आणि मी आत पळायची. कवितेत काय आहे ते कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

नेकनूरजवळच्या आमच्या गावातून बीडच्या इंग्रजी शाळेत जाणारी आमच्या घरातली मी पहिली. सकाळी व्हॅन यायची, तिच्यात मी मागच्या सीटवर खिडकीशी बसायची आणि शाळा येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. पप्पा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक. गावातले लोक त्यांना हसत हसत टोचायचे, "गुरुजी, सोताच्या पोरीला कावून न्हाई घातलं तुमच्या शाळंत?" पप्पा विषय बदलायचे. त्यांचं उत्तर मी होते, आणि ते पाहुण्यांसमोर उभं राहून द्यावं लागायचं.

हे आधी सांगितलं, कारण पार्कची गोष्ट मला याच्याशिवाय सांगता येत नाही.

मी पहिलीत जाणार होते. मे महिना होता. भाड्याच्या जीपमधून आम्ही घरचे सगळे पाळण्या-झोक्यांच्या एका पार्कला निघालो होतो: पप्पा, मम्मी, मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती, आणि तिचा मुलगा, माझा दादा, जो तेव्हा आठवीत होता. चुलते म्हशींसाठी घरी थांबले. प्रवासातलं मला फार आठवत नाही. रेक्झीनच्या सीटला चिकटलेल्या मांड्या आठवतात, आणि मला उलटी होऊ नये म्हणून मम्मीनं हातात दिलेलं लिंबू. ते मी इतकं दाबलं होतं की त्याचा वास दिवसभर बोटांना येत होता.

पार्कमधली पहिली आठवण मात्र स्वच्छ आहे. गेटच्या जाळीतून एक छोटी आगगाडी जाताना दिसली. लाल इंजिन, मागे तीन-चार उघडे डबे, आणि डब्यांत बसलेली मुलं. इंजिनाला डोळे काढलेले होते, त्यातल्या एका डोळ्याचा रंग उडाला होता. गाडी वळणावर घंटा वाजवायची आणि झाडीत जायची. मी मम्मीचा पदर ओढला आणि बोट दाखवलं.

"जाऊ गं," मम्मी म्हणाली. "आधी सगळ्यांचं होऊ दे."

सगळ्यांचं म्हणजे काय, ते मला गेटवरच कळलं. तिथं मोठा इंग्रजी बोर्ड होता. पप्पांनी मला खांद्याला धरून पुढं केलं. त्यांना स्वतःला वाचता येत होतं, पण ते हात मागे बांधून उभे राहिले.

"वाच बरं बेटा."

मी वाचलं. 'वेलकम' आणि पुढं पार्कचं नाव. मोठ्या आईनं टाळ्या वाजवल्या. तिकिटाच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईनंही वाजवल्या. मोठी आई तिला म्हणाली, "इंग्लिश मिडियमला हाय आमची. लई फाडफाड वाचती."

"मला बी येतंय की वाचायला," दादा म्हणाला. "मला कोण विचारायलंय?"

"तू गणितात पास हो आधी," मोठी आई म्हणाली.

मग प्रत्येक बोर्डाशी आम्ही थांबलो. थंड पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय, पाळण्याच्या खांबावर काय लिहिलंय, कचऱ्याच्या डब्याचा आकार सशासारखा होता त्याच्या पोटावर काय लिहिलंय. बाथरूमच्या दारावर बाईचं चित्र ठळक काढलेलं होतं, तरी मोठ्या आईनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "चित्र हाय, पण वाचून घेतलेलं बरं." मी वाचायची, टाळ्या व्हायच्या, आम्ही पुढं जायचो. मधेच कुठूनतरी घंटा ऐकू यायची. मी मान वळवेपर्यंत झाडांच्या मागं शेवटचा डबा दिसायचा.

"मम्मी, गाडी."

"हो गं. होऊ दे सगळ्यांचं."

दुपारी भूक लागली. बाहेरचं खाणं आत चालत नव्हतं, म्हणून धपाट्यांचा डबा जीपमध्येच राहिला होता. पार्किंगमध्ये सावलीला बसून खाऊ, मी जागा बघून येतो, असं म्हणून पप्पा गेले. ते गेले आणि आम्ही त्या होडीपाशी आलो.

होडी म्हणजे जहाजासारखा मोठा झोका. इकडून तिकडं जायचा आणि वरच्या टोकाला गेला की माणसं उभीच्या उभी लटकल्यासारखी दिसायची. मोठी आई मान वर करून बघत राहिली. तिला बीपीची गोळी चालू होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या क्षणी ते कुणाच्या लक्षात आलं नसावं, तिच्या तर नाहीच.

"लगीन व्हायच्या आधी मी जत्रंतल्या पाळण्यात बसायचे," ती मम्मीला म्हणाली. "खाली उतरायची न्हाई. माझा बाप वरडायचा खालून."

"मग आता बसा की, बाई," मम्मी म्हणाली.

"काय लिवलंय ते तर बघू. वाच गं."

होडीच्या तिकिटाच्या खिडकीशेजारी पिवळा बोर्ड होता. वर एक मोठी ओळ आणि खाली बारीक अक्षरांत खूप ओळी. मी वरची ओळ वाचली. 'प्लीज रीड बिफोर यू राइड.' म्हणजे बसण्याआधी वाचा. ते मला आज कळतं.

टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या म्हणजे वाचून झालं. पाहुण्यांसमोर असंच व्हायचं, घरचं सगळं वाचन असंच संपायचं. मी खालच्या ओळींवर बोट ठेवून उभी होते. मोठी आई पदर खोचून रांगेत गेली होती, दादा तिच्या मागं.

होडी थांबली तेव्हा मोठी आई उतरली ती दादाच्या खांद्यावर. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोन पावलं चालली आणि कठड्याला धरून तिला उलटी झाली. मम्मीनं तिला कडुनिंबाखाली आडवं केलं. पायातल्या चपला कुणीतरी काढल्या. एक बाई पाणी घेऊन आली, एका माणसानं कांदा फोडून नाकाशी धरला. मी तिच्या पायांजवळ उभी होते. तिच्या टाचेच्या भेगा मी तोवर इतक्या जवळून पाहिल्या नव्हत्या.

पप्पा आले. आधी त्यांनी तिची नाडी धरली, मग आजूबाजूला पाहिलं, मग तो पिवळा बोर्ड पाहिला. उभ्या उभ्या तो शेवटपर्यंत वाचला.

"बीपीवाल्यांनी बसायचं नाही असं लिहिलंय इथं. बोर्ड वाचला नाही का कुणी?"

"वाचला की," मम्मी म्हणाली. "तुमच्या लेकीनं वाचला."

कुणी रागावलं नाही. पप्पा आवाज चढवणारे नव्हतेच. मोठी आई उन्हं कलल्यावर उठून बसली, तिनं लिंबू-सरबत घेतलं, "मेले न्हाई मी, कावून तोंडं पाडायलाव" असंही म्हणाली. मग पप्पांनी मला बोटाला धरून बोर्डाशी नेलं. एकेक ओळ मला वाचायला लावली आणि एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. हृदय म्हणजे काय, गर्भवती म्हणजे काय, मानेचं दुखणं म्हणजे काय. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते शिक्षक होते. वाईट वाटलं की ते शिकवायचे.

"पूर्ण वाचायचं बेटा," ते म्हणाले. "नेहमी. शेवटपर्यंत."

माझ्या पाठीमागं घंटा वाजत होती. एकदा, परत एकदा. मग वाजायची थांबली. बोर्ड संपला तेव्हा मी वळून पाहिलं. एक माणूस इंजिनावर ताडपत्री ओढत होता. आधी रंग उडालेला डोळा झाकला गेला, मग दुसरा.

मी रडले नाही. रडणं म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडं बघणं, आणि त्या दिवशी ते पुरेसं झालं होतं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मोठ्या आईनं मला मांडीवर घेतलं. सगळे पेंगत होते. तिनं माझ्या कानाशी विचारलं, "तुला गाडीत बसायचं व्हतं ना गं? ऱ्हाऊनच गेलं बघ. फुडच्या बारीला."

पुढची वेळ आली नाही. कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची परीक्षा, एक वर्ष विहीर आटली म्हणून, एक वर्ष चुलत्यांचा पाय मोडला म्हणून. घरात मात्र एक नियम होऊन बसला. इंग्रजी काहीही आलं की ते माझ्याकडं यायचं आणि मी ते पूर्ण वाचायचं. औषधाच्या पट्टीमागचं बारीक छापील. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवरच्या सूचना. बँकेचे मेसेज. चुलत्यांचं प्लास्टर काढलं त्याचा दवाखान्याचा कागद. पुढं शेजारीही यायला लागले. चकलांब्याला दिलेली मावशी फोनवर फोटो पाठवते, "काय म्हणायलेत गं हे?" मी वाचते, अर्थ सांगते, पुन्हा सांगते. बीडमधल्या ऑफिसातही मी दिवसभर तेच करते, फक्त तिथं खुर्ची आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, आणि ओट्यावर काहीतरी वाचायचं ठेवलेलं असतं.

तक्रार करायची नाही मला. लोकांना कामाचं काही वाचून दाखवणं चांगलंच. पण मला कधी कधी वाटतं, मी डोळे मिटले तर या घरात अंधार होईल, असं यांना वाटतं.

मागच्या मे महिन्यात दादानं पार्कला जायला त्याची कार काढली. आता त्याला मुलगी आहे, बीडलाच इंग्रजी शाळेत, केजीत. बोलते माझ्यासारखीच कमी. हे पार्क दुसरं होतं, नवीन, जुन्यापेक्षा मोठं. पप्पा-मम्मी आले नाहीत. मोठी आई आली. तिचे गुडघे गेलेत, पण बसून बघीन म्हणाली.

गेटमधून आत शिरलो आणि घंटा वाजली.

गाडी निळी होती. इंजिनाला डोळे नव्हते. भाचीनं माझं बोट घट्ट धरलं आणि तिकडं बघत राहिली. तेवढ्यात दादानं तिला खांद्याला धरून बोर्डापुढं उभं केलं.

"वाच बरं पिल्लू. आजीला वाचून दाखव."

वहिनीनं मोबाईल काढला. भाचीनं हात मागे घेतले, पाय जुळवले. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

"दादा, तिला सोड," मी म्हणाले. "बोर्ड मी वाचते. तिला गाडीत बसव."

"अगं, एवढं एक वाचू दे. येतंय तिला."

"गाडी आधी."

मी असं बोलत नाही. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं तिचं तिकीट काढून आणलं. पण डब्यापाशी गेल्यावर भाची बसेना. एकटी बसायची तिला भीती वाटत होती आणि गाडी सोडवतही नव्हती. गाडीवाला म्हणाला, एवढ्या लहान लेकरासोबत मोठं माणूस बसलं तर चालतं, नियमच आहे तसा.

"मी बसतो," दादा म्हणाला.

मोठी आई बाकावर बसली होती. ती तिथूनच ओरडली, "तू कावून? आत्याला बसू दे. तिचं ऱ्हायलंय."

दादाला काही कळलं नाही. मला वाटलं होतं ती ते जीपमध्येच विसरून गेली असेल.

मी बसले. गुडघे हनुवटीला लागत होते, सीट उन्हानं तापली होती. भाची मांडीवर. घंटा वाजली आणि गाडी झाडीत शिरली. झाडीत काही नव्हतं. प्लास्टिकचे दोन हत्ती, एक कोरडा धबधबा, वाळत घातलेले कुणाचे तरी कपडे. एवढंच होतं तिथं. भाची एकेका गोष्टीकडं बोट दाखवत होती आणि मी हूं म्हणत होते.

वळणावर गाडी बाहेर आली. पुढं इथल्याही होडीच्या बोर्डाशी दादा उभा होता, वहिनी आणि मोबाईलसुद्धा.

"अगं," त्यानं हात वर करून विचारलं, "काय लिहिलंय गं इथं? आम्ही बसावं का?"

मी बोर्डाकडं पाहिलं नाही. बाकावरून मोठ्या आईचा आवाज आला, "उतरू तर दे तिला! तवर थांबा की, बाबांनो. होडी कुठं पळून चालली न्हाई."

गाडी पुन्हा वळली. भाचीनं तिचं डोकं माझ्या छातीला टेकवलं. मी डोळे मिटले. अंधार वगैरे काही झाला नाही. सगळे तिथंच थांबले होते.

फेरी संपल्यावर मी उतरले, पाय झटकले आणि बोर्डाशी गेले. खालच्या ओळींपर्यंत.